चारशे बारा लोकांसमोरचा रुसवा

माझे बाबा रुसले की स्टेटस टाकतात.

माझ्या मैत्रिणींचे बाबा रुसले की जेवत नाहीत. माझे बाबा नीट जेवतात, वरणात मिरची कुस्करून दोनदा भात घेतात, हात धुतात, चष्मा नाकावर ओढतात आणि मोबाईल उचलतात. मग आई मला डोळ्यांनी खुणावते. म्हणजे पडला आता एक.

बाबांचं नाव हेमराज. सौंदडला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. शेतातली पाण्याची मोटार जळाली की लोक ती बाबांकडे आणून टाकतात. बाबा आतली जळकी तार खरवडून काढतात आणि नवीन तांब्याची तार गुंडाळून भरतात. दुकानात नोकर नाही. मालक बाबा, कारागीर बाबा, झाडू मारणारे बाबा. आणि मे महिन्यापासून जाहिरात खातंही बाबाच.

त्यात चूक माझी आहे. स्टेटस कसा टाकायचा ते मीच त्यांना शिकवलं. एका मोटारीचे दोन फोटो टाकायला सांगितले, एक जळालेली आणि एक भरलेली. दुसऱ्याच दिवशी दोन गावांपलीकडून एक माणूस पिकअपमध्ये तीन मोटारी घालून आला. बस, बाबांना नाद लागला. सकाळी उठले की स्टेटस. जळालेली, भरलेली. पाच एचपी, साडेसात एचपी. सबमर्सिबल उभी, सबमर्सिबल आडवी. मधेच आमच्या मांजरीची पिल्लं. मधेच माझी दहावीची मार्कशीट (मी ओरडले, तोवर एकशे साठ लोकांनी गणितातले माझे मार्क पाहिले होते). मग परत जळालेली. दिवसाला तीस-तीस! वरच्या त्या बारीक रेघा इतक्या व्हायच्या की रेघा न राहता नुसते ठिपके दिसायचे.

बाबांच्या मोबाईलमध्ये चारशे बारा नंबर. त्यातले घरचे बारा. बाकीचे चारशे गिऱ्हाईक.

आणि या चारशे बारा जणांसमोर माझे बाबा आपल्या बहिणीवर रुसले.

आत्याचं नाव चमेली. बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी, राहते बिरसीला, विमानतळाजवळ. तिच्या अंगणात बसलं की शिकाऊ पायलट डोक्यावरून विमानं फिरवत असतात आणि आत्या मान वर न करता तांदूळ निवडत असते. आजी लवकर गेली, त्यामुळे बाबांना आत्यानंच वाढवलं. ती दरवर्षी भाऊबीजेला आमच्याकडे येते. यावर्षी आली नाही. फोन पण नाही.

बाबा दिवसभर दाराशी. नवीन शर्ट घातलेला, पाट मांडलेला. संध्याकाळी आईनं पाट उचलला तेव्हा म्हणाले, "राहू दे वं अजून." मला इतकं वाईट वाटलं की मी आत जाऊन उगाच भांडी लावली.

"बाबा, तुम्ही बोलावलं होतं ना आत्याला?" मी विचारलं.

"बोलावलं का म्हणजे? बोलावलं ना!"

"मग तुम्हीच एक फोन करा ना."

"मी कायले करू? आली नाही ती, न् फोन मी करू?"

भाऊबीजेनंतर दहा दिवसांनी, रविवारी, आमच्या गावची मंडई होती. आमच्याकडे दिवाळी सरली की मंडया, म्हणजे जत्रा, लागतात, आज या गावाची, उद्या त्या गावाची. त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरतं, झुले लागतात, रात्री दंडारीचं नाच-गाण्याचं नाटक होतं, आणि लेकीबाळी माहेरी येतात. मंडईला पण आत्या आली नाही तर मग काही खरं नाही, हे आईला माहीत होतं आणि मलाही. कारण बाबांचा रुसवा एकदा सुकला की निघत नाही. त्यांच्या एका दोस्ताशी ते तीन वर्षं बोलले नव्हते. कारण विचारलं तर दोघांनाही आठवत नव्हतं.

मंगळवारी बाबा जेवले, चष्मा ओढला आणि स्टेटस टाकला. जांभळ्या रंगावर एक तुटका गुलाब. खाली लिहिलं होतं: "ज्यांच्यासाठी जीव टाकला, त्यांनाच आज आपल्या दारात यायला वेळ नाही. ठीक आहे. लक्षात ठेवू."

त्याच्या आधी एक जळालेली मोटार, त्याच्या नंतर एक भरलेली.

बुधवारी सकाळी मी बाबांचा चहा घेऊन दुकानात गेले तर पतिरामआजोबा उभे. सत्तर वर्षांचे शेतकरी, कधी आवाज चढवत नाहीत. त्यांची मोटार दसऱ्यापासून दुकानात पडून होती.

"हेमराज, नेतो गा मी माह्यी मोटार. तुले इतकं लागलं असन तर तोंडानं सांगायचं होतं. गुलाब कायले तोडलास?"

बाबा बघतच राहिले. "आजोबा, ते तुमच्यासाठी नव्हतं!"

"दारात याले वेळ नाही म्हनून लिवलास ना? दसऱ्यापासून मीच आलो नाही. सुनेनं वाचून दाखवली मले."

ते जातात न जातात तोच इंद्रकुमारकाका, बाबांचे जुने गिऱ्हाईक, मोटारसायकल बंद न करताच ओरडले, "हेमराजभाऊ, गेलो मी एकदा गोंदियाले मोटार घेऊन! एकदाच! त्याच्यासाठी पूर्ण जगाले सांगून राहिला का तुम्ही?"

"तुम्ही गोंदियाले देल्ली मोटार?" बाबांनी हातातला पान्हा खाली ठेवला. "कवा?"

इंद्रकुमारकाकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. म्हणजे हे बाबांना माहीतच नव्हतं! त्यांनी मोटारसायकल बंद केली, मग परत चालू केली आणि निघून गेले. मी चहाचा कप तोंडाला लावून हसू दाबलं. तो कप बाबांचा होता.

दुपारी गोंदियाच्या राईस मिलमधल्या छोटेलालजींचा फोन. मिलच्या मोटारी तेच सांभाळतात आणि कामं बाबांना पाठवतात. "हेमराजभाई, हमसे कोई गलती हो गई क्या? दिवाली में मिलने नहीं आ पाए, लेबर छुट्टी पे था। आप तो दिल पे ले लिए।"

संध्याकाळपर्यंत नऊ जण झाले. नऊ जणांना वाटलं की तो गुलाब आपल्यासाठीच तुटला. आणि जिच्यासाठी तुटला ती गप्प. बाबा दर थोड्या वेळानं, कोणी कोणी पाहिलं त्याची यादी बोटानं वर सरकवत होते.

"दिसली का?" आईनं विचारलं.

"नाही. पाहते ती. पाहिलेलं दिसू नये अशी सेटिंग करून ठेवली असन. हिमांशूनं शिकवलं असन तिले." हिमांशू म्हणजे आत्याचा मुलगा.

इथे मी उभी राहिले. म्हणजे खरोखर उभी राहिले, पाटावरून. एक सांगायला हवं, सप्टेंबरपर्यंत मी वर्गात हात वर न करणारी मुलगी होते. मग विज्ञान प्रदर्शनात आमच्या गटातली बोलणारी मुलगी तापानं पडली आणि परीक्षकांना सगळं मला समजावून सांगावं लागलं. सांगितलं! बक्षीस पण आलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सगळं समजावून सांगते. आई म्हणते, तो परीक्षक एकदा भेटला पाहिजे.

"बाबा," मी म्हटलं, "तुमचं दुकान वेगळं आणि तुमचा जीव वेगळा. दोन्ही एका नंबरावर चालणार नाहीत."

"चालून राहिलं ना आतापर्यंत."

"आज नऊ लोकांनी विचारलं."

बाबांनी मोबाईलकडे पाहिलं. मग म्हणाले, "नऊ नाही, दहा. सरपंचाच्या भाच्याचा मेसेज आला."

गुरुवारी, सुट्टीच होती, मी कामाला लागले. जुना नंबर दुकानाच्या शटरवर रंगवलेला, बिलावर छापलेला, म्हणून तो दुकानाचा. त्याच्यावर बिझनेसवालं व्हॉट्सअ‍ॅप. दुकानाचं नाव, वेळ, पत्ता, आणि फोटो बाबांचा नाही, शटरचा. आईच्या जुन्या फोनमधलं दुसरं सिम काढून बाबांच्या मोबाईलमध्ये घातलं. तो घरचा नंबर. त्याच्यात फक्त बारा लोक. फोटोत बाबा मांजरीचं पिल्लू धरून.

मी बाबांना नियम सांगितले. मोटार, दुकान, कामाची वेळ, हे दुकानाच्या खात्यात. मांजर, मार्क आणि रुसवा घरच्यात. कोणाचा फोटो टाकायचा तर आधी त्याला विचारायचं, आणि कोणाला म्हणजे मला पण.

"म्हणजे आता मले दोन तोंडं," बाबा म्हणाले.

"दोन तोंडं नाही. दोन दारं. एक दुकानाचं आणि एक घराचं. पतिरामआजोबा आपल्या चुलीपर्यंत येतात का? दुकानातच बसतात ना?"

आई तांदूळ पाखडत होती, ती थांबून म्हणाली, "पोट्टी बराबर बोलून राहिली."

ही आयुष्यातली पहिली वेळ असेल.

एक अडचण होती. नवीन नंबर समोरच्यानं सेव्ह केल्याशिवाय बाबांचा स्टेटस त्याला दिसणार नव्हता. म्हणून मी बारा जणांना मेसेज लिहिला: "मी हेमराज. हा माझा घरचा नंबर. जुना आता दुकानाचा. हा सेव्ह करा." पाठवायच्या आधी बाबांना दाखवला. ते आत्याच्या नावावर जरा थांबले. मग म्हणाले, "पाठव सगळ्यांयले. एकीला कायले सोडते."

मग त्यांनी चष्मा ओढला. मला वाटलं, मोबाईल नीट समजून घेत असतील. पण नाही, ते नवीन गुलाब शोधत होते! या वेळी गुलाबाला काटा आणि काट्याला रक्त.

"टाकू का?" त्यांनी विचारलं. त्यांनी मला आधी विचारलं, हीच केवढी प्रगती.

"टाका ना. हेच तर घरचं खातं."

त्यांचं बोट बटनावर आलं आणि तिथेच राहिलं.

"हे किती जण पाहतीन?"

"बारा."

"कोन कोन?"

मी वाचून दाखवले. आई, मी, दोन मामा, मावशी, हिमांशू, काकू... आणि आत्या.

"म्हणजे तिले तर समजन ना, का हे तिच्यासाठीच आहे."

"मग? तेच तर पाहिजे ना तुम्हाला?"

बाबांनी बोट हळूच मागे घेतलं आणि मोबाईल उलटा करून पाटावर ठेवला. मी समजावून सांगायला तोंड उघडलं होतं, पण तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की आपण गप्प बसावं. चारशे बारा लोकांत बाबा एकट्या आत्याला टोमणा मारू शकत होते, कारण कोणालाच नक्की माहीत नव्हतं की तो कोणाला आहे. बारा लोकांत ते शक्य नव्हतं. बारा लोकांत ते सरळ तिच्याशी बोलणंच झालं असतं. मी त्यांची लपायची जागा काढून घेतली होती.

शुक्रवारी सकाळी आत्याचा मेसेज आला. बाबा न्हाणीत होते. मोबाईल वाजला आणि मी पाहिलं. (पाहायला नको होतं. पण नियम फोटोंसाठी होता, मेसेजसाठी नव्हता.)

"कोण हेमराज? मोटारवाला का? माझा एक भाऊ होता हेमराज नावाचा. पण तो फोन करत असते."

मी मोबाईल घेऊन न्हाणीच्या दाराशी धावले. "बाबा! आत्याचा मेसेज!"

आतलं पाणी एकदम बंद झालं. "का म्हणते?"

मी वाचून दाखवलं. मग बाबा ओल्या डोक्यानं, उलटी बनियन घालून बाहेर आले, माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि फोन लावला. स्पीकर त्यांनी लावला नव्हता. पण आत्याचा आवाज असा आहे की तिला स्पीकर लागत नाही.

"हां. कोन?"

"मी बोलून राहिलो, बाई."

"कोन मी?"

"हेमू."

"हां, आता ओळखली. आठवण आली का रे तुले?"

"मले आठवण आली का?" बाबांचा आवाज चढला. "तू आली नाही भाऊबीजेला! पाट मांडून बसलो मी दिवसभर!"

"न् तू बोलावलास का मले? दरवर्षी आदल्या दिवशी तू फोन करते, का बाई कधी येतेस, कोणत्या गाडीनं येतेस. यावर्षी नाही. मी पिशवी भरून बसली होती रे! हिमांशू म्हणे, आई, तूच जा. मी म्हटली, न बोलावता कायले जाऊ? माहेर आहे का मिल आहे, कोणीही यावं?"

"बोलावलो ना मी! स्टेटसवर टाकलो होतो ना! 'सर्व बहिणींना भाऊबीजेचं आमंत्रण', दिव्याचा फोटो लावून!"

आईनं कपाळावर हात मारला. मी भिंतीला टेकले.

पलीकडे आत्याच्या डोक्यावरून एक विमान गेलं, ते आम्हाला इथे ऐकू आलं. मग आत्या म्हणाली, "हेमू, तुह्ये स्टेटस मी श्रावणापासून बंद करून ठेवली. म्यूट. रोज उठून जळालेल्या मोटारी पाहू का मी? चहा पिताना? हिमांशूले म्हटली, याले बंद कर बाप्पा, नाहीतर माह्याच डोक्याची वायंडिंग जळन."

"म्हणजे तू एक पण पाहिली नाही?"

"एक पण नाही."

"गुलाब पण नाही?"

"कोनता गुलाब?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, नका सांगू.

"काही नाही," बाबा म्हणाले. "असाच एक होता."

"मले बोलावताना दिव्याचा फोटो," आत्याचा आवाज आता जरा वेगळा झाला. "मी तुह्या गिऱ्हाईकात आहे का रे? आईच्या मागं तुले कडेवर घेऊन फिरली मी. मले नाव घेऊन बोलव ना."

बाबा खाली बसले. तिथेच, न्हाणीच्या दारापुढच्या ओल्या फरशीवर. बाबांना बोलावणं जमतं, पण आपल्याला कोणाची गरज आहे हे बोलणं जमत नाही. मला वाटलं आता म्हणतील, ठेव, दुकान उघडायचं आहे. मला इतकी भीती वाटली की मी आईचा पदर धरला, मी अकरावीत असून.

"बाई," बाबा म्हणाले. "चमेलीबाई. रविवारी मंडई आहे. तू आली नाही तर मले... मले गोड लागत नाही काही. येशीन का?"

"नाही येत," आत्या म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले.

"अशी नाही येत. न्यायले ये. भाऊबीज पण बाकी आहे. आणि हात धुवून ये, त्या काळ्या हातांवर मी काय ठेवू?"

फोन ठेवल्यावर बाबा कितीतरी वेळ त्या फरशीवर बसून होते. आई म्हणाली, "उठा आता, बनियन सुलटी घाला." ते उठले आणि रॉकेलच्या बोळ्यानं नखं घासायला लागले. आज शुक्रवार होता. जायचं होतं शनिवारी.

शनिवारी सकाळी, दुकानाच्या खात्यावर काय लिहायचं ते बाबांनी मला विचारलं. मी सांगितलं, "आज दुकान बंद. मोटारी सोमवारी मिळतील. एवढंच."

"कारण नको टाकू?"

"कारण घरचं आहे ना बाबा."

"हो. बराबर आहे." त्यांनी एका बोटानं तेवढंच लिहिलं आणि मला दाखवून टाकलं. ना गुलाब, ना दिवा. मला त्यांचा इतका अभिमान वाटला!

दोन मिनिटांत इंद्रकुमारकाकांचा फोन. बुधवारचं अजून मनातून गेलं नसावं, आवाज एकदम मऊ. "हेमराजभाऊ, काऊन बंद? सगळं ठीक आहे ना घरी?"

बाबा तेव्हा पायऱ्या उतरत होते, इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा, हातात आईनं दिलेली अनरशांची पिशवी. ते स्टेटसवर नव्हते, फोनवर होते, आणि फोनसाठी मी काही नियम केला नव्हता. त्यांनी भर रस्त्यात थांबून, पतिरामआजोबांच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं,

"बहिणीले आणाले जाऊन राहिलो गा, बिरसीले!"